कॅप्टनचे दात

ऐंशीच्या दशकात मी एडिनबरात डेंटिस्ट होते, तेव्हा तिथल्या एका फुटबॉल क्लबचा कॅप्टन माझा पेशंट होता. डिफेंडर असल्यामुळे तो समोरच्याला बेधडक भिडायचा आणि दात पाडून घ्यायचा. पण इंजेक्शन दिसलं की हा आडदांड गडी खुर्चीतून उठायलाच लागायचा.

"आधी जरा गप्पा मारू या ना," तो गयावया करायचा. मग मी शनिवारच्या मॅचचा विषय काढायचे आणि तो रंगात आला की हळूच सुई टोचायचे.

रिटायर झाल्यावर तो शेवटचा दात बसवायला आला.

"हा तरी टिकेल ना?" मी विचारलं.

"टिकणारच! आता मी डिफेंडर्सना कोचिंग देतो," तो हसला. "पाठवतो एकेकाला तुमच्याकडे."