गंमत म्हणून लिहिलेली चिठ्ठी

पुंजामामा माणसांना कधी नावं ठेवत नसे. तो बैलांना सांगे. त्याच्या दमणीत, म्हणजे भाड्याच्या बैलगाडीत, बसलेल्या उतारूनं काही मूर्खपणा केला, की हा पुढं तोंड ठेवूनच सुरू करायचा, "ऐकलं काय बे राजा, साहेब काय म्हनते..." आणि मग साहेबाच्या बोलण्याचा असा पंचनामा व्हायचा, की साहेबाला वाटावं, उतरून पायी गेलेलं बरं. राजा आणि परधान हे त्याचे बैल. माझ्याबद्दल त्या दोन जनावरांना जेवढं ठाऊक होतं, तेवढं माझ्या बायकोलाही नव्हतं.

मेहकरच्या शाळेत मी मास्तर म्हणून आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि पुण्याहून आलो होतो. गाढवपणाला यांतलं एक कारणही पुरलं असतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. वरिष्ठ सगळे नागपुरात, आणि 'आपल्याला कोण विचारतो' ही मास्तरांच्या खोलीतली रोजची रड. मी ठरवलं, या मुलखाला त्याच्या वैभवाची जाणीव आपणच करून द्यायची. मुलूख माझी वाट बघत बसला होता, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. लगेच 'वऱ्हाड कलादर्शन मंडळ' काढलं. सभासद चार, चौघेही मास्तर, त्यांतले तिघे माझ्या भिडेखातर.

नाताळच्या सुटीत मंडळाची सहल काढायची ठरली. तीन दिवस, नऊ स्थळं. प्रत्येक स्थळापुढं मी वेळ लिहिली होती. लोणारची देवळं साडेआठ ते सव्वादहा, त्यात 'रसग्रहण' वीस मिनिटं. हा कागद मी पुंजामामाला मोठ्यानं वाचून दाखवला, कारण दमणी त्याची आणि त्याला अक्षर येत नव्हतं. त्यानं शेवटपर्यंत मुकाट ऐकलं. मग परधानाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "मास्तरनं देवाइले टाइम देल्ला, राजवाड्याले टाइम देल्ला. तुमाले पानी प्याचा टाइम कुठी हाय, इचार बे जरा."

बैलांनी विचारलं नाही, पण मी वरमलो. पुंजामामानं बसल्या बैठकीला माझी सात स्थळं उडवली. लोणार आणि सिंदखेडराजा एवढी दोन ठेवली आणि तीन दिवसांचे पाच केले. आणि वर, जाता जाता सांगावं तसं म्हणाला, "येतानी साखरखेर्ड्याच्या अलीकडं एक खेडं हाय. तिथं एक खांब हाय, मास्तर. पाहान त पाहातच राहान."

"हेमाडपंती?" मी वही उघडली.

"असन ना. लय जुना हाय."

त्या गावात त्याच्या ओळखीचा एकच माणूस होता, त्याचा व्याही. तिकडच्या बोलीत इवाई. आपण येतोय असं आधी कळवावं म्हणून त्या इवायाला मी चिठ्ठी लिहिली. माझ्या पत्रलेखनाचा मला तेव्हा फार अभिमान होता. त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत, कारण विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत: 'आमचे कलामंडळ आपल्या गावी तिसऱ्या प्रहरी येत आहे. मंडळींचा हेतू केवळ गंमत हाच आहे. तरी ग्रामस्थांनी सहकार्य करावे.' खाली शाळेचा शिक्का मारला. ही चिठ्ठी तेवढी मी पुंजामामाला वाचून दाखवली नाही. निरक्षर माणसाला सुंदर गद्य काय दाखवायचं!

लोणारला मी रसग्रहण केलं. सिंदखेडलाही केलं. तिथं आमचे ड्रॉइंगमास्तर बसल्या जागी झोपी गेले. चौथ्या दिवशी त्या खेड्याच्या वाटेला लागलो, तसा पुंजामामा गप्प झाला. त्याला न बोलताना मी पहिल्यांदाच बघत होतो. पुष्कळ वेळानं तो बैलांशी बोलायला लागला, पण या खेपेला ते आमच्यासाठीच होतं, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

"राजा, आज सुभी दिसन बे. तीन वर्स झाले पोरीले पाह्यलं नाही."

सुभद्रा त्याची एकुलती एक लेक. ती त्या इवायाच्या घरी दिलेली. आणि पुंजामामा तरुणपणी बारा वर्षं एका फडात नाच्या होता. लुगडं नेसून, पायात चाळ बांधून गावोगाव नाचलेला. ते त्यानं केव्हाच सोडलं होतं, आणि लेकीचं लग्न जमवताना लपवलंही होतं. लग्नानंतर कुणीतरी इवायाच्या कानावर घातलं. इवाई भडकला. नाच्याच्या घरी माझी सून जाणार नाही, म्हणाला. पुंजामामानं बेलभंडार उचलून शपथ घेतली, पुन्हा नाचणार नाही म्हणून. तरी इवायानं सून माहेरी धाडली नाही.

"म्हनलं, चार मास्तर संगं घेऊन जावं," तो परधानाला म्हणाला. "एवढे शिकेल लोक आपल्या दमनीत पाह्यले का इवाई नरम पडन. यंदाच्या आखाजीले पोर धाडन." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिकडं लेकींनी माहेरी येण्याचा सण.

म्हणजे आम्ही त्याला घेऊन निघालो नव्हतो, त्यानंच आम्हाला नेलं होतं! खांबाचं मी काही विचारलं नाही. (खांब होता. इवायाच्या गोठ्यात होता, त्याला म्हैस बांधलेली होती.) आपल्यावर कुणाच्या तरी लेकीचं माहेरपण अवलंबून आहे, या विचारानं मी टोपी नीट केली आणि कोटाची सगळी बटणं लावली.

गावात शिरलो तर ही गर्दी! पारासमोर सतरंज्या घातलेल्या, आसपासच्या चार खेड्यांची माणसं गाड्या जुंपून आलेली, एक ढोलकीवाला ढोलकी तापवून तयार. इवाई नवा फेटा बांधून सामोरा आला आणि मला म्हणाला, "या मास्तर. तमासगिराची गंमत आमी गावात येऊ देत नाही. पन शिकल्यासवरल्याची गंमत हाय, शाळेचा शिक्का हाय, म्हनून समद्याइले बलावलं."

पुण्यात गंमत म्हणजे मौज. त्या मुलखात गंमत म्हणजे ढोलकी, सोंगाड्या आणि नाच्या. पुणेकर ज्याला तमाशा म्हणतात ते. मी शाळेचा शिक्का मारून नेमक्या त्याच घरी तमाशा धाडला होता.

आता खरं सांगावं तर बोलावणाऱ्या इवायाचं चार गावांत हसं. म्हणून मी काय केलं? मी व्याख्यान दिलं. हेमाडपंती बांधकामात चुना वापरत नाहीत, इथून मी सुरुवात केली. पहिल्या वाक्याला लोक हसले. त्यांना वाटलं, मी सोंगाड्या आहे. दुसऱ्या वाक्याला हसले नाहीत. तिसऱ्याला मागून आवाज आला, "काऊन बे, नाच्या कुठी हाय?" कुणीतरी आमच्या ड्रॉइंगमास्तरांचे लांब केस बघून म्हणालं, "हा असन." ड्रॉइंगमास्तर दमणीमागं जाऊन उभे राहिले, ते पुढं बराच वेळ दिसलेच नाहीत.

लोक उठायला लागले. "फसोलं राजेहो," एक म्हातारा इवायाच्या तोंडावर म्हणाला. इवाई नुसता फेट्याचा शेव पिळत राहिला. त्या माणसाची मला दया आली आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

तेव्हा पुंजामामा पुढं आला. इवायासमोर हात जोडून हळूच म्हणाला, "इवाई, चिठ्ठी मास्तरची, पन नाव तुमचं जाऊन राह्यलं. नाचू काय?"

इवाई ना हो म्हणाला ना नाही. खाली बघत राहिला.

पुंजामामानं राजा-परधानाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडल्या आणि आपल्या पायांत बांधल्या. फेट्याचं टोक मोकळं करून डोक्यावरून पदर घेतला. पन्नाशीचा माणूस, गालफडं बसलेली, ओठावर ही एवढी मिशी. लोक खो खो हसले. मग ढोलकीवर थाप पडली, त्यानं गौळण धरली, मान जराशी कलती केली, आणि हसणं थांबलं. मिशी दिसेनाशी झाली हो! दह्याचा माठ सावरत बाजाराला निघालेली एक गवळण तिथं होती, आणि वाट अडवणारा कृष्ण नसूनही आम्हाला दिसत होता. मी चार दिवस ज्याचं रसग्रहण करत फिरत होतो ते माझ्यासमोर नाचत होतं, आणि मला एक शब्द सुचत नव्हता. उन्हं गेली तरी लोक त्याला सोडीनात.

रात्रीचं जेवण इवायानं वाढलं, पण बोलला नाही. सुभद्रा पुढं आली नाही. सकाळी दमणी जुंपली तरी आली नाही. मी इवायाची माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुंजामामा म्हणाला, "राजा, मास्तरले सांग, आता काही बोलू नका म्हना." मी मुकाट चढून बसलो.

गावाबाहेरच्या नाल्यावर पाण्याची घागर घेऊन एक पोरगी उभी होती. पुंजामामानं उडी टाकली. ती त्याच्या सुजलेल्या पायांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बा, मले कधी दाखोलं नाही काऊन?"

तो रडत होता की हसत होता ते मला सांगता येणार नाही, कारण मी दुसरीकडं तोंड करून बसलो होतो आणि माझाच चष्मा पुसत होतो. ती घागर घेऊन परत गेली. मेहकर येईपर्यंत तो बैलांशी एक शब्द बोलला नाही. माझ्या एका शब्दानं या माणसाचं तीन वर्षांचं व्रत फुकट घालवलं, हे माझ्या मनातून जाईना. मंडळ मी त्याच आठवड्यात बंद केलं. कुणी हरकत घेतली नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी पुंजामामा शाळेत मला बोलवायला आला. घरी गेलो तर ओसरीवर खुद्द इवाई बसलेला. सून घेऊन स्वतः आला होता. मला बघून जरा सरकून बसला आणि कुरकुरला, "काय करता मास्तर, समदं गाव रोज इचारते, तुमचा इवाई आता कधी येईन? आजूबाजूचेही इचारते. किती लोकाइले नाही म्हनू?"

पुंजामामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी नंतर बरंच लिहिलं. ते कुणी वाचलं, कुणी नाही. पण त्या दिवशी सुभद्रा माझ्यापुढं गुळाचं पाणी ठेवून वाकून पाया पडली आणि मान वर करून म्हणाली, "ते चिठ्ठी तुमीच लिवली होती ना, मास्तर? लय चांगलं लिवता तुमी."