हात मागे बांधणारा इनास

निरोप आला तेव्हा मी इनासच्याच खुर्चीत बसले होते. बुधवार होता, जेवणं उरकली होती, खालच्या गाळ्यातल्या प्लास्टिकच्या मशीनची धडधड नेहमीसारखी पायांना जाणवत होती, आणि मी इनासचं काम करत होते, कारण इनास रजा काढून नंदाखालला आपल्या वाडीत केळी वाळवत होता. फोन त्याच्या धाकट्या भावाचा होता. सकाळी मांडवावर केळी पसरता पसरता इनास खाली बसला, म्हणाला, जरा दम लागलाय... आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवला तेव्हा शेजारच्या टेबलावरून नितेशने विचारलं, "कोन होतं, मॅडम?" समोर स्क्रीनवर इनासने लिहिलेला प्रोग्राम उघडा होता. मधूनमधून आमच्यासाठी सूचना लिहून ठेवायची त्याला सवय होती, त्यातली एक नेमकी डोळ्यांसमोर होती : 'इथे घाई करू नका. आधी चहा घ्या.'

वसईजवळ वालीवला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांना माल, बिलं, मुदत संपत आलेल्या औषधांचा हिशेब ठेवायला जे सॉफ्टवेअर लागतं, ते आम्ही बनवतो आणि सांभाळतो. इनास आमच्या टीमचा प्रमुख होता. मी अंधेरीतली मोठी कंपनी सोडून इथे मुलाखतीला आले, ते विरारहून स्कूटरवर अर्ध्या तासात पोचता येईल एवढ्याच हिशेबाने. समोर बसलेला हा उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस माझ्या कामाबद्दल सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "ठीक आहे. आता मला सांगा, तुमची केळी कोणती?" मला वाटलं, माणसाचा एखादा स्क्रू ढिला आहे. मग त्याने समजावून सांगितलं.

वसईकडच्या वाड्यांमध्ये राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि त्यांची सुकेळी करतात. मधाच्या रंगाची, चिवट, गोड. इनासचे वडील ती करायचे. ते गेले आणि मांडवाच्या काठ्या माळ्यावर गेल्या. गावात सुकेळी करणारी घरं कमी कमी होत चाललेली, आणि इनासच्या मनाने घेतलं की आपल्या घरात हे बंद पडू द्यायचं नाही. आता यात अडचण अशी की केळ्यांना शनिवार-रविवार कळत नाही. रोज सकाळी पसरायची, दुपारी उलटायची, ऊन उतरलं की गुंडाळून घरात घ्यायची. एक दिवस दुर्लक्ष झालं तर आंबून जातात. म्हणजे थंडी सरता सरता दरवर्षी सलग रजा हवी, आणि रजेत फोन नको. प्रमुख माणूसच असा गायब झाल्यावर कंपनी कशी चालायची? त्यावर इनासने जो तोडगा काढला, त्याचं नाव खुर्चीबदल.

दर बुधवारी जेवणानंतर आम्ही सगळे खुर्च्या बदलायचो. माझं काम नितेश करायचा, नितेशचं मी, इनासचं आणखी कुणीतरी. आणि नियम एकच होता : ज्याचं काम असेल त्याने खुर्चीमागे उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे. तोंडाने सांगायला मुभा, पण कीबोर्डला हात लावायचा नाही, समोरचा कितीही चाचपडला तरी. सांगते, याइतकी छळवादी शिक्षा मी आयुष्यात भोगलेली नाही. एका मिनिटाचं काम समोरचा अर्धा तास चिवडत बसलाय आणि आपण पुतळ्यासारखे उभे! पहिल्या महिन्यात मी इनासला तोंडावर सांगितलं, "हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे." तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. वाडीत पाणी सोडतो तेव्हा पहिलं पाणी मातीच पिते. तोपर्यंत उभं राहायचं." आणि परत हात मागे बांधून उभा राहिला. वाद घालायला तो कधी सापडायचाच नाही, याचा मला भारी राग यायचा.

आमच्या धंद्यात रात्ररात्र जागून बंद पडलेलं सॉफ्टवेअर चालू करणाऱ्याला सगळे डोक्यावर घेतात. इनास त्याला शाबासकी द्यायचा, चहा पाजायचा आणि मग विचारायचा, "हे तुझ्या एकट्यालाच का जमलं?" एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऐन रजेत त्याला फोन लावला. ऑफिसातला फोन अर्थात मी उचलला. इनास केळी वाळवतोय म्हटल्यावर ते गृहस्थ फोनवरच कडाडले, "केळी? इथे माझी बिलं अडलीत आणि तुमचा साहेब केळी वाळवतोय?" मी त्यांना म्हटलं, "तुमची बिलं मी सोडवते. केळी मात्र मला येत नाहीत, म्हणून ती तो करतोय." बिलं जेवायच्या आत सुटली. पुढच्या आठवड्यात इनासने त्या गृहस्थांना सुकेळ्यांचा एक पुडा पाठवला, आणि नंतर दर वर्षी तेच आपणहून विचारू लागले, यंदा केळी कशी आहेत म्हणून.

त्याचं ते 'तुमची केळी कोणती' मात्र त्याने कुणालाच चुकवू दिलं नाही. कामाबाहेरचं असं काय आहे ज्यासाठी तू रजा मागशील आणि मागताना लाजणार नाहीस, असा त्याचा साधा अर्थ. नितेश चांदीपचा. त्याने सांगितलं, "लावनीला बापासोबत शेतात उतरायचंय. दरवर्षी खोटं सांगतो, तापलोय म्हनून." इनास हसला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून खरं सांग." माझ्याकडे बरेच महिने उत्तरच नव्हतं. नोकरी, स्वयंपाक, लेकीचा अभ्यास यापलीकडे मला काही हवंय का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. शेवटी एकदा तोंडातून निसटलं की मला पोहायला शिकायचंय. मी मूळची कोकणातली, समुद्राकाठची, आणि पाण्यात पाय घालायला घाबरणारी. इनासने लगेच माझे मंगळवार आणि शुक्रवार ठरवून टाकले. त्या दिवशी मला निघायला जरा वेळ झाला की तो माझ्या खुर्चीमागे येऊन नुसता उभा राहायचा, हात मागे बांधून. चाळिशी उलटल्यावर मी पोहायला शिकले. पहिल्यांदा तलावाची पलीकडची भिंत हाताला लागली त्या दिवशी मी कुणाला फोन केला असेल, ते सांगायला नको.

तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सगळ्या गिऱ्हाइकांकडे जायची होती. पुढे ढकलावं असं मी म्हणत होते. नितेश म्हणाला, "तुम्ही जा मातीला. मी थांबतो इथं. त्यानंच शिकवलंय, मला येतंय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट होता. दफनभूमीत फादरांची शेवटची प्रार्थना चालली होती, आम्ही एकेक मूठ माती टाकायला रांगेत उभे होतो, तेव्हा माझा फोन हातात थरथरला. नितेशचा निरोप होता. 'झालं. सगळीकडं चालू आहे.' मी तो वाचला आणि मला इनासचा भयंकर संताप आला. कुठे काहीच अडलं नव्हतं. माणूस गेलाय, आणि त्याच्यावाचून एक बिलसुद्धा थांबलं नाही... हेच तर त्याला हवं होतं, याच्यासाठीच वर्षानुवर्षं बुधवारी उभा राहिला तो, हे कळत होतं. तरी त्या क्षणी वाटलं, एवढं चोख काम करायला नको होतंस रे. काहीतरी अडू द्यायचं होतंस. मग मी मोठ्याने रडले.

माती देऊन त्याच्या घरी परतलो तेव्हा इनासची आई, ब्रिजित मावशी, मागच्या अंगणात मांडवाजवळ उभी होती. इनासचं लग्न झालेलं नव्हतं, धाकटा भाऊ वेगळा राहायचा, मायलेक दोघंच या घरात राहायचे. आदल्या दिवशीपासून केळी केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून ओसरीत पडली होती, अर्धी वाळलेली. आज ऊन मिळालं नसतं तर गेली असती. पण मेलेल्या माणसाच्या घरी केळ्यांचा विषय काढणार कोण? तिनेच काढला. घरच्या माणसांशी ती आपल्या बोलीत बोलते, माझ्याशी मात्र सावकाश, शाळेतली मराठी आठवून बोलते. म्हणाली, "हे त्याचं शेवटचं आहे, मेघना. टाकवत नाही. माझी बोटं वळत नाहीत आता. तुम्ही पसराल?" आम्ही पायातलं काढून ठेवलं, हात धुतले आणि मांडवाशी गेलो. आणि मावशी आमच्या मागे येऊन उभी राहिली... हात पाठीमागे बांधून.

मी तिला विचारलं, तेव्हा कळलं. नवरा गेल्यावर इनास म्हणाला होता, मला शिकव. पहिल्या वर्षी ती सारखी मधे हात घालायची, त्याच्या हातून चुकलेलं स्वतःच नीट करून टाकायची, आणि दुसऱ्या वर्षी त्याला परत काहीच येईना. "मग मी हात मागे बांधले," ती म्हणाली. "म्हटलं, माझे हात याला किती दिवस पुरणार? मी गेल्यावर याला आलं पाहिजे." मग एकदम खेकसली, "अशी नको, एकाला एक चिकटतात ती! बोटभर जागा सोड." आम्ही जागा सोडली. त्या आठवड्यात आम्ही पाळीपाळीने रजा काढून नंदाखालला जात राहिलो. नितेश सगळ्यांत जास्त वेळा गेला. मावशीने केळ्याला एकदाही हात लावला नाही. आम्ही बऱ्यापैकी नासवली, पण बरीच वाळलीसुद्धा.

कामावर रुजू झाल्यावर आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट नाहीत, इनासच्या मातीला आले होते, रडलेही होते. पण धंदा त्यांना चालवायचाय. म्हणाले, "मेघना, त्याची जागा आता तुझी. कामात तुझा हात धरणारं दुसरं कुणी नाही. तो बुधवारचा खेळ आता पुरे. एक माणूस कमी झालाय, कुणाला वेळ आहे? महत्त्वाचं सगळं तुझ्याच हातात ठेव, म्हणजे मलाही झोप लागेल." खोटं कशाला बोलू, ऐकायला गोड वाटलं. आपल्यावाचून अडतं हे ऐकायला कुणाला आवडत नाही? पण त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर माझे मंगळवार आणि शुक्रवार आले, चांदीपच्या शेतात गुडघाभर चिखलात उभा असलेला नितेश आला. हे सगळं एका हो म्हणण्यात जाणार होतं. आणि इनास मग खरोखरचा गेला असता.

मी म्हटलं, "सर, त्या दिवशी आपण सगळे दफनभूमीत होतो आणि काम थांबलं नाही, ते कुणामुळे?" ते म्हणाले, "अगं, पण तू आहेस ना आता." मी म्हटलं, "तोही होताच की." मग मी जागा घेते म्हणून सांगितलं, पण बुधवार राहणार, आणि थंडी सरताना मी सलग रजेवर असणार. त्यांनी कारण विचारलं. "केळी वाळवायची आहेत," मी म्हटलं. सरांनी चष्मा काढून पुसला, पण हो काही म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

इनासच्या महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आम्ही सगळे गेलो होतो. परत निघताना मावशीने प्रत्येकाच्या हातात सुकेळ्यांचा एकेक पुडा ठेवला, सुक्या पानात बांधलेला. आमच्याच हातची होती. काही कडक झाली होती, एक-दोन काळी पडली होती. मावशी म्हणाली, "पुढल्या वर्षी सुधारतील." माझा पुडा इनासच्या, म्हणजे आता माझ्या, टेबलाच्या खणात आहे. खण उघडला की केळीच्या पानाचा वास येतो.

परवाच्या बुधवारी जेवणानंतर मी उठले आणि नितेशला माझ्या खुर्चीत बसवलं. एका गिऱ्हाइकाचा साठा जुळत नव्हता, ते घाईला आले होते. चूक कुठे आहे ते मला दिसत होतं. नितेश भलतीकडेच शोधत होता. माझी बोटं वळवळत होती. एवढ्यात सर दारात येऊन उभे राहिले, घड्याळाकडे बघत म्हणाले, "अगं, तुझं मिनिटाचं काम आहे. तू करून टाक ना."

मी हात मागे बांधले.

"नितेश," मी म्हटलं, "घाई करू नकोस. आधी चहा घे."