हौसाचं पिवळं लुगडं

माझ्या नातीला जन्मल्यापासून आठ दिवसांत दोनदा कावीळ झाली. पहिली देवाने दिली, दुसरी मी.

पहिलीत विशेष काही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुष्कळ बाळांना होते, आजोबा. घाबरू नका." दोन दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली निजवली (पोरगी गॉगल लावून ऊन खात पडल्यासारखी दिसायची!) आणि घरी सोडली. सोडताना बजावलं, "पुन्हा पिवळी दिसली किंवा दूध ओढेनाशी झाली, तर लगेच आणा." हे मी पाठ करून टाकलं. शाळेत एवढं पाठांतर केलं असतं, तर चौथीच्या पुढे गेलो असतो.

आमच्यात बाळाची पहिली दुपटी आजीच्या जुन्या लुगड्याची करतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. माझ्या हौसाने एक मुद्दाम काढून ठेवलं होतं, हळदीच्या रंगाचं. "नातवंड आलं की हे फाडायचं," म्हणाली, आणि नातवंड यायच्या चार महिने आधी स्वतःच गेली. आता सुनेने, मृणालने, कात्री माझ्या हातात दिली. मी म्हणालो, "उद्या." दुसऱ्या दिवशी म्हणालो, "कात्रीला धार नाय." मुलगा सुनील धार लावून घेऊन आला. मी म्हणालो, "आज अमावस्या हाय." (नव्हती.)

मांजरी गावातला आमचा फ्लॅट नवाकोरा. मुलगा-सून दोघंही कम्प्युटरवाले, त्यामुळे खिडकीला भिंतभर काच आणि पडद्याचा पत्ता नाही. दुपारचं ऊन सरळ पाळण्यात. मला युक्ती सुचली. लुगडं उलगडून खिडकीला टांगलं. बाळाला आजीचं लुगडंही मिळालं आणि फाडावंही लागलं नाही! स्वतःवर खूश होऊन मी पाळण्यात डोकावलो.

पोरगी पिवळीधमक!

मी असा ओरडलो, की खालचा वॉचमन काठी घेऊन वर आला. आठ दिवसांची बाळंतीण पायांत दोन वेगळ्या चपला घालून रिक्षात बसली. दवाखान्यात बाईंनी बाळ उघडून पाहिलं.

"कुठे पिवळी आहे?"

"घरी होती बाई! ह्या डोळ्यांनी पाहिली!"

"मग वाटेत उतरली असेल," बाई म्हणाल्या.

पण मी शपथा घ्यायला लागलो, तेव्हा त्यांनी टाचेला सुई टोचून रक्त घेतलं. पोरीने असा टाहो फोडला, की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. रक्त एकदम चांगलं निघालं.

घरी आलो. बाळ पाळण्यात ठेवलं. पुन्हा पिवळं!

"सुनील, रिक्षा थांबव!"

सुनीलने पाळण्यात हात घातला. "दादा, माझा हात बघा."

"अरे देवा! तुला पण लागली!"

"दादा," मृणाल म्हणाली (ती नागपूरची), "तुम्ही पण पिवळेच दिसून राहिले." आणि तिने खिडकीकडे पाहिलं.

मी शिव्या खायला मान खाली घालून उभा राहिलो. पण मृणाल लुगड्यावरून हात फिरवत म्हणाली, "नका फाडू दादा. आईंची आठवण आहे. दुपटी मी दुकानातून आणते."

शिव्या परवडल्या असत्या. पोरीच्या टाचेला माझ्यापायी चिकटवलेला कापूस दिसत होता. मी लुगडं खाली ओढलं आणि दोन्ही हातांनी फाडलं. फर्रकन फाटलं. हौसाने धुऊन धुऊन इतकं विरळ करून ठेवलं होतं, की धार लावलेली कात्री तशीच पडून राहिली.

पहिल्या दुपट्यात गुंडाळून मृणालने नात माझ्या मांडीवर दिली. मला भरून आलं. दोन मिनिटांत मांडीवरही ऊन ऊन लागलं. लुगडं मुळातच पिवळं, त्यावर काही कळलं नाही. माझ्या पांढऱ्या धोतरावर मात्र पिवळा डाग उठून दिसला.

सुनील म्हणाला, "दादा, रिक्षा बोलावू?"

"बोलव," मी म्हणालो. "ह्या वेळी पेशंट मी हाय."