डोमाजीची उशिरा वळणारी पेटी

राग माह्या नाकावरच असते. हलीमाबी, म्हणजे माही बायको, नेहमी म्हणे, "तुमचा राग आधी घरात येते, मंग तुमी." आता या वयात खोटं कावून बोलू? डोमाजीची ही गोष्ट घडली ते त्या रागापायीच. गोष्ट त्याची हाये, पण तिच्यातला गुन्हा माहा हाये.

अठ्ठावन साल होतं. अकोल्याबाहेर लढाईच्या वक्ताले बांधलेली हवाई पट्टी होती अन् तिथं विमान शिकवणारा एक लहानसा क्लब. मी तिथला चौकीदार, बद्रुद्दीन. पट्टीच्या एका टोकाले माही खोली, दुसऱ्या टोकाले पत्र्याचं शेड. शेडात डोमाजी अन् त्याची पेटी. मधात नुसतं गवत अन् वारा.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगतो. लाकडाचं निळं विमान, एक माणूस बसंल एवढंच, खाली खुंटावर उभं केलेलं. ते उडत नाही. शिकणारा आत बसला का वरून टोपण बंद. बाहेरचं काही दिसत नाही, समोर नुसते काटे. त्यानं दांडा डावीकडे ओढला का पेटी डावीकडे कलली पाहिजे, अन् लगेच कलली पाहिजे. ते काम खालचे चार भाते करत. चामड्याचे, लोहाराच्या भात्यासारखे, पण हे हवा सोडणारे नाही, मोटर त्यांच्यातली हवा ओढून घेये. ज्या बाजूचा भाता आखडला त्या बाजूले पेटी झुके. बाहेर टेबलावर काचेखाली नकाशा ठेवला होता. काचेवर तीन चाकांचं एक यंत्र चाले, त्याले सारे खेकडा म्हणत. आतला माणूस पेटी जिकडे नेईल तिकडे खेकडा शाईची रेघ ओढत जाये.

डोमाजी हे काम अंबाल्याले, फौजेत शिकून आला होता. सडपातळ माणूस, बोलणं कमी. माणसाशी कमी म्हणतो मी, पेटीशी भल्ला बोले. "चाल माय, वळ," असं म्हणत तिले पुसत राहे. त्याच्या शेडात दोन गिलास होते. संध्याकाळी मी गेलो का दुसरा गिलास धुऊन त्यात मले चहा देये. एक डाव मी विचारलं, "घरवाली?" तवा त्यानं एकदाच सांगतलं, पुन्हा कधी नाही. त्याची एकुलती पोट्टी तापानं गेली तवा हा अंबाल्याले होता. तार भेटली, सुट्टी भेटली, गाडी भेटली, अन् पाचव्या दिवशी हा घरी पोचला. मनकर्णा, त्याची बायको, एक शब्द बोलली नाही. मोर्शीले माहेरी गेली ते गेलीच. बारा वर्षं झाली होती. "आणाले जा ना मंग," मी म्हटलं. "काय तोंडानं जाऊ?" म्हणे.

असा आमचा दोस्ताना. अन् तो तुटला कशापायी? बकरीपायी. हसा, हसा. माही राणी नावाची बकरी होती. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडाची पिशवी खांबावर असते, ती धुवाले उतरवली होती. राणीनं अर्धी खाऊन टाकली. डोमाजीनं क्लबाच्या साहेबाले लिहून देलं. लिहून! तोंडानं सांगतलं असतं तं मी समजून घेतलं असतं. कागदावर माह्यं नाव घातलं. साहेबानं चार लोकांत मले झापलं, बकरी गावात पाठवा लागली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी अबोला धरला. तो दोन डाव येऊन खोलीपुढं उभा राहिला, मी तोंड फिरवलं. मंग त्यानंही येणं सोडलं. अर्धा कोस पट्टी, दोन टोकाले दोन माणसं, अन् बोलणं बंद.

कार्तिकात तो कौंडण्यपूरच्या जत्रेले गेला. दरसाल जाये. मोर्शीकडचे लोक तिथं येतेत, त्यात कधी ती दिसंल म्हणून जाये, हे मले मागाहून समजलं. तो गेला त्याच दुपारी एक बाई पट्टीवर आली. हातात पिशवी, केस अर्धे पिकलेले.

"पेटीचे मिस्त्री इथंच राहतेत का?" तिनं नाव घेतलं नाही, तवाच मी ओळखलं.

हलीमानं तिले आमच्या खोलीत ठेवून घेतलं. दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणे, शेड तं पाहू द्या. मी कुलूप उघडलं. तिनं त्याची चूल पाहिली, दोरीवरचा सदरा पाहिला, दोन गिलास पाहिले. मंग पेटीखालचा कापडी पडदा वर करून भात्यांवर हात फिरवला.

"कातडं कोरडं पडलं हो," म्हणे. "जवसाचं तेल हाये का घरी?"

"चामड्याले लोक एरंडी लावतेत ना?" हलीमानं विचारलं.

"लोक लावतेत. आमच्या घरी जवसच. माह्या बापाची विहिरीवरची मोट वीस वर्षं गळली नाही."

हलीमानं स्वयंपाकातलं तेल देलं. ती बाई पदर खोचून जमिनीवर बसली अन् चारी भाते बोटानं चोळून काढले, घडीघडीत तेल जिरवलं. मी दारात उभा होतो. मले भात्यातलं काय समजते? मले वाटलं, बारा वर्षांनी नवऱ्याचं काहीतरी करून राहिली, करू दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. जाता जाता मले म्हणे, "भाऊ, पंधरा दिवस मी मोर्शीले हाओ. मंग भाचीसंगं इंदूरले चालली, तिचे पोट्टे सांभाळाले. मंग येणं व्हाचं नाही. त्याईले सांगजा, यावं वाटलं तं या, मी संगं येईन. नाही आले तं मी समजून घेईन."

ती सकाळी गेली अन् डोमाजी सांजच्याले आला. हलीमा म्हणे, "आताच्या आता जा अन् सांगा." मी म्हटलं, "तो आधी बोलंल, मंग सांगतो." तिनं कपाळावर हात मारला. दुसऱ्याच दिवशी तिले लेकीच्या बाळंतपणाले बाळापूरले जा लागलं. जाताना मले कसम घातली. मी हो म्हटलं. अन् उद्या सांगू, उद्या सांगू करत बसलो. त्याले एक दिवस तरसू दे, असंही मनात आलं. हो, आलं. लपवून काय करू?

ती गेल्यापासून चौथ्या दिवशी पेटी बिघडली. दांडा ओढला का पेटी थांबे, मंग वळे. एक-दोन-तीन म्हणेपर्यंत वेळ जाये. शिकणारे पोट्टे दांडा जास्त ओढत, मंग पेटी एकदम धाडकन कलंडे. अन् सोळाव्या दिवशी नागपूरचे साहेब तपासाले येणार होते. पेटी बरोबर नसली तं भंगारात, हे क्लबात सारेच म्हणत होते. पेटी गेली म्हणजे डोमाजीचं शेड गेलं.

फेरी मारताना शेडावरून जाता जाता मी सारं पाहून राहिलो होतो. त्यानं मोटर खोलली, पुसली, बसवली. पट्टा बदलला. मंग उदबत्ती पेटवून एकेका नळीपाशी धरली. कुठं हवा फुटत असंल तं धूर तिकडे ओढला जाते. धूर सरळ वरच गेला. तो नळीनळीपाशी गुडघ्यावर सरकत राहिला, पाच दिवस.

खरी अडचण वेगळीच होती. हे काम दोघांचं हाये. एकानं आत बसून दांडा ओढाचा, दुसऱ्यानं बाहेरून वेळ मोजाची. क्लबाचे पोट्टे तं हप्त्यातून दोन दिवस येत. एरवी तो मले बसवे. आता त्यानं काय करावं? आत तुरीचं पोतं ठेवलं, माणसाच्या वजनाचं. दांड्याले सुतळी बांधली, ती टोपणाच्या फटीतून बाहेर काढली. सुतळी ओढे, मोठ्यानं मोजे, पळत दुसऱ्या बाजूले जाये, पुन्हा ओढे. रिकाम्या पट्टीवर त्याचा एकट्याचा आवाज ऐकू येये, "एक, दोन, तीन." तरी मी उठलो नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. आता सांगावं तं तो विचारील, इतके दिवस कावून नाही सांगतलं? आधी राग होता, मंग राग गेला अन् लाज आली. लाजेनं तं पाय आणखीच जड झाले.

भात्यांकडे तो सगळ्यात शेवटी गेला. ते त्यानंच उन्हाळ्यात नवे बसवले होते, त्यांच्यावर त्याचा भरोसा होता. पंधराव्या दिवशी दुपारी त्यानं पेटीखालचा पडदा सोडवून काढला. फेरीवर असताना मी पाहिलं. तो वाकला, अन् तसाच राहिला. मी खोलीकडे परतलो. बऱ्याच वेळानं तो अर्धा कोस पट्टी तुडवत माह्याकडे आला. हाताची बोटं माह्या नाकापुढं धरली.

"बद्रू, हे जवस हाये. वाळून चिकट झालं. घड्या एकमेकीले धरून ठेवतेत, म्हणून पेटी उशिरा वळते." त्यानं बोटं एकमेकीवर चोळून दाखवली. "कातड्याले जवस लावणारं एकच घर मले माईत हाये. कोण आलं होतं?"

तौबा! मी सारं सांगतलं. एका दमात, खाली पाहून. किती दिवस झाले ते त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आज पंधरावा."

मारलं असतं तं बरं झालं असतं. शिवी तरी द्याची होती. त्यानं फक्त खांद्यावरचं फडकं माह्या हातात देलं. "टर्पेंटाइननं पुसा लागते," म्हणे. "चारी भाते." अन् तसाच, तेलकट हातानं, रस्त्याकडे पळाला. चाळिशी उलटलेला माणूस पट्टीवरून पळताना मी पाहिला.

मी त्या सांजेपर्यंत शेडात बसून भाते पुसले. एकेक घडी उलगडाची, पुसाची. चोळून चोळून बोटांची कातडी गेली. ते तेल तिनं किती जीव लावून जिरवलं होतं, ते पुसतानाच मले समजलं. एकही कोपरा सोडला नव्हता बाईनं. दुसऱ्या दिवशी नागपूरचे साहेब आले, स्वतः आत बसले. पेटी दांड्याबरोबर वळली. "ठीक हाये," एवढंच म्हणून कागदावर सही करून गेले.

डोमाजी तिसऱ्या दिवशी दुपारी आला. एकटाच. मी धावत गेलो. बाजेवर बसला, पाणी प्याला, मंग सांगतलं. अमरावतीले पोचला तं मोर्शीची शेवटची एसटी निघून गेली होती. रात्र स्टँडवर काढली. सकाळी मोर्शीले उतरला तं ती पहिल्या गाडीनं गेली होती. याची गाडी अन् तिची गाडी रस्त्यात कुठंतरी एकमेकीजवळून गेली असंल.

"तिचा भाऊ सांगे," तो म्हणे, "पंधरा दिवस एसटी याच्या वेळी ओट्यावर येऊन बसे. सोळाव्या दिवशी उठली. म्हणे, समजलं मले."

"मी जातो इंदूरले," मी म्हटलं. "तिचे पाय धरतो. सांगतो, याले ठाऊकच नव्हतं, मी हरामखोर हाओ."

"भाऊ पत्ता देत नाही. तिनंच सांगून ठेवलं, मागून कोणी आलं तं देऊ नका म्हणून." मंग त्यानं विचारलं, "पेटी?"

"पास झाली. बरोबर वळते."

तो उठून शेडात गेला. मी मागून. त्यानं मोटर लावली, खेकडा उचलून नकाशावर अकोल्याच्या ठिपक्यावर ठेवला, अन् पेटीत चढला. इतक्या वर्षांत तो आत बसलेला मी कधी पाहिला नव्हता. तो नेहमी बाहेरून दुसऱ्याले शिकवे. त्यानं टोपण ओढून घेतलं.

पेटी हलली. लगेच वळली, जराही थांबली नाही. काचेवर खेकडा चालू लागला. मी पाहत होतो, रेघ मूर्तिजापुरावरून गेली, अमरावतीवरून गेली, मंग जरा वरच्या अंगानं मोर्शीकडे. आतून त्याले नकाशा दिसत नव्हता, नुसत्या काट्यांवर तो चालला होता, तरी रेघ कुठं डगमगली नाही. मोर्शीच्या ठिपक्यावर खेकडा आला अन् आतून मोटर बंद झाली.

मले वाटलं आता उतरंल. उतरला नाही. मी दुसरा गिलास काढला, त्यावर धूळ बसली होती, ती धुतली. चहा केला. चहा थंड झाला तरी टोपण बंदच होतं, अन् ते वाजवाची माही हिंमत झाली नाही.