पदर खोचून खेळलेला व्हॉलीबॉल

आम्ही जुन्या खेळाडू जमलो की चहा निवतो, पण किस्से काही निवत नाहीत. एकीचा सांगून झाला की दुसरी म्हणते, "अगं, तो राहिलाच की!" आता आमचे गुडघे बोलतात आणि आम्ही ऐकतो, पण पन्नासच्या दशकात देवासची मुलींची व्हॉलीबॉल टीम म्हणजे आम्हीच! कमळ आमची कॅप्टन. तिचा स्मॅश असा, की समोरच्या मुली बॉल सोडून डोकं सांभाळत. तिला बॉल उचलून द्यायचं काम माझं. शिकवायला शाळेचे ड्रिलमास्तर. बोलायला कडक, पण हसू आलं की शिट्टी तोंडातून गळून पडायची.

*

ग्राउंडला लागूनच माईंचं घर. एकदा कमळचा स्मॅश थेट त्यांच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांत! बॉल काखेत धरून माई भिंतीपाशी आल्या. मास्तर माफी मागायला पुढे झाले.

"माफी काय तळून खाऊ? पोरी पाठवा. लाटणी भरपूर आहेत!"

रविवारभर आम्ही पापड लाटत बसलो. दुपारी मास्तर डोकावले. आम्हाला वाटलं, सोडवायला आले.

"वा! मनगटं तयार होताहेत," मास्तर म्हणाले. "माई, कुरडयाही असतील तर सांगा!"

*

सलवार घालायला घरून परवानगी नव्हती. मग काय, नऊवारीचा कासोटा घट्ट आवळायचा, पदर खोचायचा आणि खेळायचं.

सरदारपुरला मॅच होती. समोरून सर्व्हिस आली, आमची शांता वाकली, आणि तिचा पदर सुटून बॉल नेमका त्यात अडकला! बॉल खाली पडलेला नाही, हातालाही लागलेला नाही. आता पॉइंट कोणाचा? दोन्हीकडून आरडाओरडा सुरू झाला.

रेफरी म्हणजे तिथल्या शाळेतले मराठीचे गुरुजी. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. पदराचा उल्लेख कुठेच नाही! शेवटी पुस्तक मिटून त्यांनी हात वर केला.

"पदरी पडलं आणि पवित्र झालं! पॉइंट देवासला!"

*

सोनकच्छला जाताना बस बंद पडली. ड्रायव्हर बॉनेटमध्ये शिरला. आम्ही नेटचं एक टोक बसच्या शिडीला बांधलं, दुसरं बाभळीला, आणि प्रॅक्टिस सुरू केली. पॅसेंजर रस्त्याकडेला बसून टाळ्या वाजवू लागले.

थोड्या वेळानं इंजिन घरघरलं. "चलो, चलो! बस छूट जाएगी!" ड्रायव्हर ओरडला.

एक म्हातारा शेतकरी जागचा हलला नाही. शिडीकडे बोट दाखवून म्हणाला, "भिया, नेट तो थारी बस से बंधी है. छूटेगी कैसे?"

ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला. मग तोही रमला. पॉइंट झाला की हॉर्न वाजवायचा!

*

कमळचं लग्न झालं, ती धारला गेली आणि तिचा खेळ सुटला. सासर जुन्या दरबारी मंडळींचं. सासूबाईंचा दरारा असा, की फेरीवालेसुद्धा त्यांच्या दारापुढे आवाज खाली आणत! कमळ माहेरी आली की बॉल हातात घ्यायची, जरा फिरवायची आणि मला परत द्यायची.

अशात आमची फायनल ठरली, तीही धारला, धारच्याच टीमशी! नेमका त्या सकाळी शांताला सणकून ताप भरला. बदली कोणी नव्हती. मास्तर म्हणाले, "परत जाऊ या." मी तडक कमळचं घर गाठलं.

सासूबाई ओसरीवर गहू पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. कमळ दाराआड उभी, तिची बांगडीसुद्धा वाजेना. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"काय गं, खेळता येतं अजून?"

"माहीत नाही, आई."

"मग बघू या की!" असं म्हणत त्यांनी चपला घातल्या.

धारच्या कॅप्टननं हरकत घेतली नाही. "खेळू द्या. आमच्याच गावची सून, बेतानंच मारेल!"

सुरुवातीचे बॉल कमळनं नेटमध्येच घातले. हळूहळू हात बसला, आणि शेवटी जिंकायला एकच पॉइंट उरला. मी बॉल उंच उचलला. तेवढ्यात गर्दीतून कोणी ओरडलं, "ओ भाभी, ससुराल का तो खयाल रखो!"

कमळ बिचकली. बॉल तिनं नुसता पलीकडे ढकलला. तो परत आमच्याकडे आला.

सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "सून धारची आहे, पण हात देवासचा! मार गं!"

मी पुन्हा बॉल उचलला. कमळनं जी झेप घेतली! बॉल रेषेच्या आत असा आदळला, की धूळ उडाली.

घरी निघालो तेव्हा शेजारीणबाईंनी सासूबाईंना गाठलं. "काय हो वहिनी, तुमच्या सुनेनं आपल्या धारलाच हरवलं की!"

सासूबाईंनी कमळचा धुळीनं माखलेला हात घट्ट धरला.

"धार हरली असेल. आमच्या घरचं कोणी हरलेलं नाही!"