चार फळ्यांचं दार

भोंगवलीत कोंडाबाईचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. तो पहिल्यांदा ऐकू आला पोळ्याच्या दिवशी.

तिचा नवरा बाजी दोन भावांतला थोरला. भाटघरचं धरण पुरं होत आलं होतं तेव्हा तो बैलगाडीनं तिथं दगडाच्या खेपा करायचा. एकदा उतारावर गाडी उलटली आणि बाजीची कंबर गेली. तेव्हापासून दोन वर्षं तो खोलीत बाजेवर पडून होता. घराचं दार इतकं अरुंद की बाज कलती केल्याशिवाय निघत नसे, आणि माणसासकट बाज उचलायची तर चार जण लागत. पहिले काही महिने शेजारी आले. मग येईनासे झाले. धाकटा भाऊ हैबती त्याच घराच्या दुसऱ्या निम्म्यात राहायचा. अंगण दोघांचं एकच.

पोळ्याला ढवळ्या सजून अंगणात उभा होता. बाजीनं वासरापासून वाढवलेला बैल. घुंगरांचा आवाज ऐकून बाजीनं आतून हाक दिली, "हैबती, मला जरा भायेर घे रं. ढवळ्याला बगतो."

"आलो, दादा," म्हणून हैबती बैलामागं निघून गेला. मिरवणूक झाली, बैल परत गोठ्यात बांधले. संध्याकाळी बाजीनं बायकोला हळूच विचारलं, "शिंगं कंच्या रंगानं रंगवली गं?"

"हिंगुळानं, लालभडक," कोंडाबाई म्हणाली, आणि तशीच बाहेर आली. अंगणात पाच-सात बाया होत्या, त्यांच्या देखत कडाडली, "सोताच्या बैलाची शिंगं मानसानं इचारून घ्यायची व्हय? जित्या मानसाला पुरलंया तुमी!"

दुसऱ्या दिवशी ती सोनबा सुताराकडं गेली. भोरच्या बाजारात एका धान्याच्या दुकानाला तिनं दार पाहिलं होतं. चार उभ्या फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या. ढकललं की दोन इकडं, दोन तिकडं घडी होऊन भिंतीला लागायच्या आणि अख्खं दुकान मोकळं.

"वैनी, तसलं दार दुकानाला. घराला कोन लावतं?"

"म्या लावते. बाज सरळ भायेर आली पायजे. आन् उंबरा जिमिनीबरोबर पायजे."

पडक्या गोठ्याचं सागवान निघालं. सोनबानं समोरची भिंत फोडली, वर जुनी तुळई दिली, चौकट बसवली. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून फळ्या बाहेरच्या बाजूला घडी होतील अशा जोडल्या. अंगण उंबऱ्याबरोबर करायला माती कोंडाबाईनं स्वतः डोक्यावरून वाहिली आणि चोपली. आठव्या दिवशी तिनं बाजेच्या पायांखाली गोणपाट घातलं, फळ्या ढकलल्या आणि एकटीनं बाज ओढत अंगणात आणली. उन्हानं बाजीचे डोळे मिटले. मग उघडले, आणि तो कितीतरी वेळ नुसता गोठ्याकडं बघत राहिला.

हैबतीला ते बघवेना. "वैनी, तुमच्या फळ्या माझ्या अंगणात उघडत्यात."

"भावजी, अंगण दोघांचं हाय. चोपलं कुनी, ते ठावं हाय तुमाला."

सकाळी पाहिलं तर दारासमोर सरपणाचा ढीग. फळी हलेना. कोंडाबाई आतूनच हैबतीच्या घरातून बाहेर आली आणि एकेक काटकी उचलून ढीग त्याच्या ओट्यावर रचला. हातातून रक्त निघालं. हैबतीची बायको बनाबाई बघत उभी होती. तिनं शेवटी खरं काय ते सांगितलं, "आमच्या पोरीला, चंद्राला बगायला पाव्हनं यायचं हायेत. असा लुळा मानूस समोर दिसला तर खोट काढतील. त्या दिशी तरी दार लावा, बाई."

खोट! कोंडाबाईच्या अंगाची लाही झाली. पण बाजी म्हणाला, "लाव दार. पोरीचं भलं व्हऊ दे." तिनं लावलं. आतून कडी घातली आणि भिंतीला टेकून बसली. बाहेर पाव्हणे आले, पाणी झालं, बोलणी सुरू झाली. तेवढ्यात आत बाजीला खोकल्याची उबळ आली. एका म्हाताऱ्या पाव्हण्यानं विचारलं, "आत कोन हाय?"

हैबती म्हणाला, "कोन न्हाई. जुना गडी हाय, आजारी."

कोंडाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बाजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. ती उठली, कडी काढली आणि चारी फळ्या धाडधाड भिंतीला लावल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून पाव्हण्यांसमोर उभी राहिली.

"गडी न्हवं. ह्यांचा थोरला भाऊ हाय. ह्यांचं लगीन त्येनंच लावलं, ह्यांचं शेत त्येनंच नांगरलं. कंबर मोडली म्हनून त्यो गडी झाला व्हय?"

म्हातारा पाव्हणा उठून बाजेपाशी आला, बाजीला हात जोडले आणि जोडे पायात घालून चालू लागला. बाकीचे त्याच्या मागं गेले. सोयरीक मोडली.

गावानं कोंडाबाईलाच बोल लावला. बनाबाई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. बाजीसुद्धा चिडला; पोरीपायी त्याला वाईट वाटत होतं. पुढल्या साली चंद्राला पासली गावचं स्थळ आलं. तांदळाची शेती असलेली, बरी माणसं होती. लग्न होऊन सासरी निघताना ती आधी अंगणातल्या बाजेपाशी गेली आणि चुलत्याच्या निर्जीव पायांवर डोकं ठेवलं. आईबाप मागं ताटकळत होते.

बाजी आणखी सहा वर्षं जगला. बाया म्हणत, "कोंडाबाई, हैबतीला माफ कर आता." तिचं उत्तर ठरलेलं असे, "शबूद ह्यांना लागला, मला न्हाई. ह्यांनी माफ केलं तर म्या कोन?"

बाजीनं माफ केलं होतं की नाही, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. हैबतीनंही कधी विचारलं नाही.