खर्चुडीची चकती

उपासाची रताळी चिरताना मला मांडवगणजवळचा, सत्तरच्या दशकातला एक माळ आठवतो. आमच्या प्राध्यापकांनी दोन दुर्मिळ फुलझाडांचे कंद तुलनेसाठी कापून वर्तमानपत्रावर मांडले होते: एक विषारी कळलावीचा, दुसरा मेंढपाळ आवडीनं खातात त्या खर्चुडीचा. सरांची लॅटिन नावं संपेनात, म्हणून भुकेपोटी मी खर्चुडीची चकती तोंडात टाकली. गिळल्यावर पाहिलं, तर नावांच्या चिठ्ठ्या वाऱ्यानं उडालेल्या. “कळलावी खाल्ली बहुतेक!” मी ओरडलो. जवळच मेंढ्या चारणारे एक आबा धावत आले. “चव कशी व्हती?” “गोडसर.” “मग मरत न्हाई तुमी. कळलावी कडू जहर असती.” मी रडायचाच बाकी होतो. सर मात्र खर्चुडीसाठी हळहळले, “अरे, एकच सापडली होती!” त्यांचं खरं होतं, त्या माळावर ती मला पुन्हा कधी दिसली नाही.